डाख

टोलेडोत काच बनते. म्हणजे, बनायची.
माझा बाप भट्टीपाशी उभा राहून
अख्खं आयुष्य लाल उजेडात काढून गेला.
मी त्याहून लहान काच निवडली:
अ‍ॅम्प्लिफायरमधल्या ट्यूबा,
अंगठ्याएवढ्या, आत वातीसारखी तार,
तापल्याशिवाय एक अक्षर न बोलणाऱ्या.

दुकानाला पाटी नाही. ज्याला गरज असते
तो मागच्या दाराने येतो,
काखेत बिघडलेला आवाज घेऊन.

मंगळवारी ऑरिन काझमारेक आला.
पंचाहत्तरीचा, उजवा कान नावालाच उरलेला.
एके काळी हा गिटारीवर तुटून पडला की
नदीपलीकडच्या बारमध्ये ग्लास फळीवरून सरकत,
मालकीण ते आधीच उतरवून ठेवी.
आता बोटं आखडलीत. पिक मात्र खिशात,
चिल्लरीत मिसळलेला. कधीकधी तोच चुकून
दुकानदाराच्या हातावर ठेवतो.
"व्हर्डेल, हा गुणगुणतोय," म्हणाला.
"म्हणजे, बायको म्हणते. मला कुठलं ऐकू येतंय!"

खोका उघडला.
जुन्या दौऱ्यांची धूळ, सिगारेटचा चिकटा,
एक वाळलेला पतंग,
आणि कुणीतरी घाईघाईत दिलेला डाख,
ओबडधोबड, पण पन्नास वर्षं धरून बसलेला.
रात्री दोनला, रस्त्याकडेला, गाडीच्या दिव्यात दिला असणार.
असल्या डाखाला मी हात लावत नाही.

लूनेट ब्रासवेल तिचा रेडिओ न्यायला आली होती.
हिचा आवाज तुम्ही ऐकला असेल, नाव नाही.
मुख्य गायक विनवण्या करून थकतो
तेव्हा मागून एक "ओ" उठतो
आणि सगळं गाणं कडेवर उचलून घेतो,
तो हिचा.
त्या "ओ"चे पंधरा डॉलर मिळाले. एकदाच. रोख.
रेकॉर्डच्या पाकिटावर फोटोग्राफरच्या कुत्र्याचे आभार आहेत.
हे ती हसत सांगते. मी हसत नाही.

आणि दाराशी कधीपासून अवघडून उभा तो पोरगा,
सायलस योडर. वाद्याला मज्जाव असलेल्या घरातला.
तिथे सगळे नुसत्या गळ्याने गातात,
चार सुरांत, देवापुरतं.
याने तेराव्या वर्षी कोंबड्या विकून बँजो घेतला
नि तीन वर्षं मक्याच्या कोठीत लपवला.
अजूनही वाजवताना मधेच मागे वळून बघतो.

मी बटण दाबलं. ट्यूबा लालसर झाल्या,
आणि खोका लागला गुणगुणायला,
जाड, सपाट, झोपेतल्या बैलासारखा.
जमिनीला जाणारी तार तुटली होती, एवढंच.
दोन मिनिटांचं काम. डाखणी उचलली,
तर पोरगा म्हणाला, "थांबा ना जरा."

त्याने बँजोची पाचवी तार त्या दोषाशी जुळवली.
आणि गायला. त्याच्या आत्याचं गाणं,
ती रात्रभर रस्त्यावरचा बर्फ काढणारा ट्रक चालवते,
पहाटे थर्मासच्या झाकणात कॉफी ओतते,
आणि कुणाच्याच दारात थांबत नाही.
अजून दोन कडवी व्हायची होती. तिथे तो नुसता गुणगुणला.

लूनेटची पाठ आमच्याकडे, हात रेडिओवर.
तिसऱ्या ओळीला ती आत आली,
न विचारता, जशी बाई स्वतःच्या स्वयंपाकघरात येते.
ऑरिनने खोक्याच्या लाकडावर तळवा टेकवला
आणि जिवाचा कान केला,
पाचही बोटांचा.
मग त्याची टाच हलू लागली, जरा उशिराने,
प्रत्येक ठोक्याच्या किंचित मागे,
नदीपलीकडच्या बारमध्ये हलायची तशीच.

डाखणी माझ्या हातात तशीच तापत राहिली.
भट्टीला असाच आवाज होता.
बाप घरी यायचा तेव्हा तो त्याच्या शर्टाला लागून यायचा
आणि जेवताना आम्ही सगळे मोठ्याने बोलायचो.

गुरुवारी तार जोडली. काम चोख.
खोका आता गप्प असतो.

शनिवारी ऑरिन तो परत घेऊन आलाय.
बायको खूश आहे, म्हणतो,
पण हाताला काही लागत नाही.